काळा कोट आणि दोन कॅमेरे

२ नोव्हेंबर

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आत्याच्या डाव्या जबड्याचा, गाठीसकट, एवढा तुकडा जाणार — पेनानं आडव्या रेघा मारल्या त्यावर — आणि मग मांडीची कातडी गालाला. आत्या त्या चित्राकडे बघत होती. दुकानात गिऱ्हाइकाचा फाटका कोट उजेडात धरून बघते, अगदी तशी. मग म्हणाली, "म्हणजे ठिगळ."

डॉक्टर हसले नाहीत. मी हसले आणि मग बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

आत्या रफू करते. मला आठवतंय तेव्हापासून तेच. फाटलेल्या जागी कापडाचेच धागे घेऊन असं विणायचं की भोक कुठं होतं ते मालकालाही सापडू नये. ठिगळ हा तिच्या दुकानात शिवीच्या जवळचा शब्द आहे.

ऑपरेशन एकवीस तारखेला. परत येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "भिंगरी, तू ते लग्नांचे व्हिडिओ काढायचीस ना? हा चेहरा काढून ठेव. हलता-बोलता. फोटोत मी मेल्यासारखी दिसते."

खरं आहे. घरातले सगळे फोटो बघितले आज. आत्या एकतर कोळसा, नाहीतर पीठ. मधली आत्या — जी खरी आहे — ती एकातही नाही.

३ नोव्हेंबर

दादाचा फोन. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, माझा आत्तेभाऊ. दुसऱ्या शहरात ऑफिसात बसतो. कॅमेरा मी घेणार, म्हणाला. मला बरं वाटलं. पाचच मिनिटं.

मग त्यानं तक्ता पाठवला! सात कॅमेरे, उभ्या-आडव्या रकान्यांत. कुणात किती पिक्सेल, कुणात सेकंदाला किती चित्रं, कोण किती लांबचं ओढतो. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण नाहीतर फुली. ज्याच्या खुणा जास्त तो कॅमेरा घ्यायचा. म्हशीच्या बाजारात निदान दात तरी बघतात.

मी म्हटलं, आधी एकेकातून आत्याला बघू तरी. कोणत्या कॅमेऱ्यात ती आत्या दिसते ते बघू. तो म्हणाला, "तू शाळा तरी पूर्ण केलीस का?"

नाही केली. वर तीन गावं, पाच नोकऱ्या आणि एक बोटीवरचं काम, तेही अर्धवटच सोडलं. पण लग्नांच्या मांडवात मी दोन वर्षं कॅमेरा धरून उभी होते. गोऱ्या नवरीवर दिवा मारायचा आणि काळ्या मावशीला काळोखात टाकायचं, हे रोज बघितलंय. त्या मावश्या नंतर व्हिडिओत स्वतःला शोधायच्या. मला विचारायच्या, मी होते ना गं तिथं?

हे फोनवर सांगायचं राहिलं. भांडण संपल्यावरच मला नेहमी सुचतं.

५ नोव्हेंबर

कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. बरोबर आत्याकडचा काळा कोट नेला. गिऱ्हाईक परत आलंच नाही म्हणून तिच्या दुकानात वर्षानुवर्षं टांगलेला. बाहीवर तिनं केलेलं रफू आहे, काळ्यावर काळं. मला ते सापडतं कारण लहानपणी तिनं दाखवलं होतं — काळं दुपारच्या उन्हात बघायचं नाही, खिडकीपाशी सावलीत बघायचं. मग कापडाचं काळं वेगळं, धाग्याचं वेगळं आणि सुरकुतीतल्या सावलीचं वेगळं. तीन काळी. ज्या कॅमेऱ्याला ही तीन दिसतील त्याला आत्याचा गाल दिसेल. माझा तक्ता एवढाच.

दुकानातल्या विक्रेत्याचं मी नाव ठेवलं आकडेशास्त्री. त्यानं काचेच्या टेबलावर प्लास्टिकची फुलं मांडली होती, वर हे एवढे दिवे. सगळी गिऱ्हाइकं म्हणे त्यावरच कॅमेरा रोखतात. लाल फूल लाल दिसलं की खूश! मी खुर्ची दारापाशी ओढली आणि तिच्यावर कोट टाकला. तो बघतच राहिला.

पहिल्या कॅमेऱ्यात कोट नव्हताच. खुर्चीत कोटाच्या आकाराचं भोक. दुसऱ्यात कोट करडा, आणि त्यावर मुंग्या चालल्यासारखं वळवळतंय. तिसरा दादाच्या तक्त्यातला पहिला नंबर. त्यात कोट एकदम झकास, नवा कोरा! पण सुरकुत्या? बाहीवरची वीण? सगळं इस्त्री करून टाकलेलं. मी म्हटलं, हा कोट असा नाहीये. आकडेशास्त्री म्हणाला, "ताई, असा नाहीये, पण असा दिसला तर वाईट काय?"

मी कोट काखेत मारला आणि निघाले. रागातच.

येताना रस्त्यावर पांढरे पट्टे रंगवणारे भेटले. ते बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. ओला पांढरा आणि वाळलेला पांढराही वेगळे असतात. घरी आल्यावर आत्या म्हणाली, कोट कुठाय? पट्टेवाल्यांपाशी! पळत गेले परत. त्यांच्यातला एकजण त्यावर बसून डबा खात होता.

८ नोव्हेंबर

सापडला!!

कॅमेरा-दुरुस्तीवाल्याच्या फळीवर धूळ खात पडलेला. विटेएवढा जड, वर कडी. तक्त्यात घातला तर सगळ्या रकान्यांत फुल्या पडतील. कोट दारात टांगला आणि आत बघितलं. तिन्ही काळी दिसली. वीण दिसली. कोपरापाशी कापड झिजून चकाकतंय तेसुद्धा. मग माझा हात समोर धरला. माझाच हात, माझ्याच रंगाचा, शिरांसकट. मी तिथल्या स्टुलावर बसून घेतलं.

दुरुस्तीवाल्याला विचारलं, हा एवढा चांगला कसा? तो म्हणाला, "मला विचारू नकोस. मी उघडतो, पुसतो, बंद करतो." विकत घ्यायचा तर माझी ऐपत नाही. मग ठरलं, रोज सकाळी त्याच्याकडे स्क्रू निवडायचे, काचा पुसायच्या, आणि कामापुरता कॅमेरा माझा. बॅटरीचं तेवढं बघ, म्हणाला, म्हाताऱ्या माणसासारखी आहे, बोलता बोलता झोपते.

९ नोव्हेंबर

दादानं घेतला. पहिल्या नंबरचा. इस्त्रीवाला.

१२ नोव्हेंबर

फोनवर खूप भांडले. पैसे त्याचे म्हणून डोळेही त्याचेच. म्हणाला, आईच्या बाबतीत मला धोका पत्करायचा नाही, भंगारातल्या वस्तूवर तर नाहीच. मी म्हटलं, आईला शेवटचं नीट बघितलंस कधी? तो म्हणाला, "तू तरी कुठं होतीस?"

बोटीवर होते. गाठ उठली तेव्हा मी बोटीवर होते आणि तो ऑफिसात होता. आत्या दुकानात होती, गालावर पदर ओढून. दोघांनाही तिनं कळवलं नाही.

आत्यानं आतून सगळं ऐकलं होतं. जेवताना म्हणाली, दोन्ही आणा. लग्नात नाही का, दोन्ही बाजूंचे फोटोवाले असतात.

तिला आता उजव्या बाजूनंच चावता येतं. भाताला पण वेळ लागतो.

१३ नोव्हेंबर

स्क्रू, स्क्रू, स्क्रू. डोळ्यांसमोर रात्री सुद्धा स्क्रू.

१८ नोव्हेंबर

दादा आला. बारीक झालाय. आईला बघितलं आणि लगेच कॅमेऱ्याची पेटी उघडायला घेतली. पेटी बराच वेळ उघडत होता. मला कीव आली असती, पण नाही आली.

१९ नोव्हेंबर

आज काढलं.

दुकानातल्याच खिडकीपाशी, तिच्या रोजच्या खुर्चीत. तिनं जांभळी साडी नेसली होती, केस चापूनचोपून. डावा गाल भिंतीकडे. दादा म्हणाला, समोर बघ. ती वळली नाही. दादा म्हणाला, बरं, राहू दे.

त्याच्या कॅमेऱ्यानं तिचा चेहरा स्वतःच हुडकला, भोवती चौकोन काढला आणि कातडी तुकतुकीत करून टाकली. ती सोय आपोआप चालू होते म्हणे. बंद कर म्हटलं तर कुठून बंद होते हे त्याला माहीत नाही. तक्त्यात तो रकाना नव्हता!

मी दुसऱ्या बाजूला, भिंतीला चिकटून. मला आधी तिचे हात घ्यायचे होते. सुई. मग कोट. मग खिडकीच्या गजांची तिच्या मांडीवर पडलेली सावली. मग काचेवर एक माशी चालत होती — हो, माशी. माझं हे असंच आहे. मला एका जागी बघता येत नाही. लाल दिवा लुकलुकायला लागला तेव्हा कळलं की बॅटरी चालली आणि चेहरा अजून घेतलाच नाही.

तेवढ्यात दादाचं काहीतरी अडलं. तो म्हणाला, थांब आई, अजून सुरू नाही झालं. ती थांबली. सुरू नाही झालं असं समजून तिनं चेहरा सोडला — गाठोड्याची गाठ सोडावी तसा. पदर गालावरून घसरला. तिनं जिभेनं आतून जबड्यातली गाठ चाचपली आणि खिडकीतून बाहेर बघितलं. मी ते घेतलं. घेतच राहिले. तिचा खरा रंग, गालाचा फुगवटा, त्याखालची सावली, ओठाच्या कोपऱ्यातली थरथर. मग दादा म्हणाला, हां, चल, बोल! आणि तिनं चेहऱ्याला परत गाठ मारली, हसली, रफूबद्दल छान बोलली. माझी बॅटरी तेव्हा झोपली होती.

त्याच्याकडे बरंच काही आहे. माझ्याकडे एवढंसं. पण माझ्याकडचं खरं आहे.

२१ नोव्हेंबर

आत नेलं. जाताना कोट नीट टांग म्हणाली.

२९ नोव्हेंबर

ठीक आहे. ठीक आहे म्हणजे जिवंत आहे. तोंडात नळी, बोलता येत नाही. पट्टीत अर्धं डोकं. दादा पायाशी बसून फोनवर ऑफिसशी बोलतो, मी खिडकीशी बसते. आम्ही एकमेकांशी फक्त औषधांबद्दल बोलतो.

४ डिसेंबर

घरी आणलं. पट्टी लहान झाली. बोलणं अजून नाही. कापडावर खुणा करायचा तिचा खडू असतो, त्यानं काळ्या चिंधीवर लिहून दाखवते आणि झटकून टाकते. संध्याकाळी तिनं लिहिलं — दाखवा.

आधी दादाचं लावलं. पडद्यावर एक गुळगुळीत बाई, दहा वर्षांनी लहान, गालावर काही नाही. हसते, सुई दाखवते. आत्यानं पूर्ण बघितलं. मग माझं. हात, कोट, सावली, माशी. मग ती.

ती ते बघत होती आणि मी तिला बघत होते. मला वाटलं आता ती माझ्याकडे वळेल. काय वाटलं होतं मला? शाबासकी?

संपलं. तिनं दादाच्या कॅमेऱ्यावर हात ठेवला. खडूनं लिहिलं — हे. झटकलं, परत लिहिलं — छान रफू.

दादा रडला. मी म्हटलं, आत्या, ती तू नाहीयेस. तिनं बराच वेळ घेऊन लिहिलं. अक्षरं वाकडी आली.

"मला विचारलं होतंस?"

५ डिसेंबर

रफू दिसलं तर ते रफू कसलं — हे तिचंच वाक्य. मी त्याच वाक्याच्या घरात वाढले आणि माझ्या डोक्यात शिरलं नाही. आयुष्यभर तिनं भोकं झाकली. तिची भीती ती आमच्यापासून नीट झाकून ठेवत होती, आणि मी खिडकीच्या उजेडात, चांगल्यातला चांगला कॅमेरा लावून, ती उसवली.

तरीपण! तरीपण मला ती गुळगुळीत बाई आवडत नाही. ती आमच्याकडे कधी राहिली नाही. मला तापात थोपटलं ते हिनं नाही.

दादा सकाळी गेला. कॅमेरा आईसाठी ठेवून गेला. जाताना म्हणाला, बघ, शेवटी तिलाच ठरवायचं होतं. जिंकल्यासारखं म्हणाला नाही, हे जास्त झोंबलं.

पिशवी भरली. उद्या दुरुस्तीवाल्याला त्याची वीट परत देणार आणि तिथूनच कुठंतरी. बोटवाले अजून माणसं घेतात. दुपारी येऊन जाणाऱ्या नर्सबाई आहेत, शेजारीण आहे. माझं इथं काय अडलंय?

आत्यानं पिशवी बघितली.

६ डिसेंबर

नर्सबाईंनी पट्टी कायमची काढली. आत्या खिडकीपाशी जाऊन बसली, रफूचं भिंग लावलं, हातआरशात गाल उजेडाकडे करून बघितला. खूप वेळ. मग चिंधीवर लिहिलं — डॉक्टरला रफू येत नाही.

मग दोन्ही कॅमेऱ्यांकडे बोट — वीट अजून माझ्या पिशवीवरच होती, परत द्यायची राहिलेली. मी विचारलं, "काढू?" तिनं मान डोलावली. मी विचारलं, "कोणत्या कॅमेऱ्यानं?"

तिनं पदर खाली घेतला, डावा गाल माझ्याकडे केला आणि लिहिलं —

टाके दिसतात त्यानं.