हाताचा नकाशा

१२ जानेवारी
शकू कोंडाण्याहून माझ्याकडे कर्जतला आली. धाकटी बहीण माझी. तिच्या मेंदूतली गाठ काढायची, तर उजवा हात मेंदूत कुठून हलतो ते आधी शोधायला हवं. डोक्यावर चुंबकाचा ठोका द्यायचा, अंगठा उडतो का पाहायचं – असा नकाशा. पूर्वी डोकंभर ठोके देत बसत. आता मशीन आधीच्या उत्तरावरून पुढची जागा निवडतं. वीस मिनिटांत मोकळे! मला ही घाई पसंत नाही.

शकूचं एकच – "ताय, भाकरी थापता आली म्हंजे झालं."

१५ जानेवारी
नकाशा काढायला पनवेलच्या हॉस्पिटलात जाऊन आलो. मशीन चालवणाऱ्या डॉ. हर्षला सारख्या म्हणत होत्या, "मावशी, हात सैल सोडा." शकू शालीखालून, "सोडलाय की गं!" घाबरली असावी. एरवी भित्री नाही.

१७ जानेवारी
नकाशा वाईट. हाताची जागा थेट गाठीवर पसरलेली. गाठ पूर्ण काढली तर हात जाणार. ठेवली तर वाढणार.

मी सुनावलं, "वीस मिनिटांत आणखी काय होणार?"

डॉ. हर्षलांनी पडद्यावरची रेघ दाखवली. "स्नायूची रेघ स्थिर नव्हती. स्नायू आवळलेला असला की हलक्या ठोक्यालाही अंगठा उडतो. नकाशा फुगतो. आणि एक उत्तर चुकलं की पुढची जागाही चुकते."

हात आवळला होतास का, शकूला विचारलं. शाल आवरत उठली.

१८ जानेवारी
भाकरी शकूनेच थापल्या. तिच्या हाताकडे पाहवेना.

१९ जानेवारी
तिची शाल झटकली – पिवळे तांदूळ सांडले!

"हे काय गं?"

"गावदेवीपुढचे. ठोके देताना मुठीत धरलेले. सोडले तर गुण कसा येल?"

"अक्कल गहाण ठेवलीस का?"

"तू शिकलेली ना? मंग तू धर!"

खूप बोलले तिला. मग फोन केला. डॉ. हर्षला हसल्या – हसल्याच! "उद्या आणा. दोन पेशंटच्या मध्ये बसवते. वीस मिनिटांचं तर काम."

२० जानेवारी
मूठ मीच उघडून पाहिली. रिकामी. हात उशीवर सैल.

नकाशा केवढासा! हात आणि गाठ यांच्यामध्ये जागा आहे. सर्जन म्हणाले, "करू या." खात्री मात्र देत नाहीत.

२३ जानेवारी
शकूला ऑपरेशनसाठी आत नेलं. दारातून ओरडली, "ताय, सांडू नको हां!"

तांदूळ माझ्या मुठीत आहेत. डाव्या हाताने लिहितेय.