बेंबीवरचं माप

नेकनूर
१४ जून

प्रिय विलास,

जयभीम. आज सकाळी मी माझ्याच पँटची कंबर साडेतीन इंच आत घेतली. एवढा आनंद झाला की मशीन थांबवून आधी घरातून आमच्या पारूबाईला हाक मारली. कणकेचे हात तसेच घेऊन ती दुकानात आली. मी पँट घालून तिच्यापुढं गिरकी मारली. ती खूप हसली आणि मग त्याच हातांनी डोळे पुसायला लागली. तीस वर्षांत मी किती कंबरा उसवून सैल केल्या, पण आत घ्यायला कोणी आलं नव्हतं.

गावात मात्र माझ्याबद्दल भलतीच चर्चा आहे. परवा बिभीषणनं भर रस्त्यात विचारलं, "कावून एवढा वाळलास बे, शुगर लागली का?" आपल्याकडं पोट सुटलं की तब्येत सुधारली म्हणतात, उतरलं की रोग शोधतात. मीही त्यातलाच. तू हेडमास्तर झालास तेव्हा "आता शोभतोस" असं तुझ्या पोटावर थाप मारून मीच म्हणालो होतो. आणि आता वनितावहिनी फोनवर सांगतात की शाळेचा जिना चढताना तू दोनदा थांबतोस, छाती दाबून धरतोस आणि "पित्त हाय" म्हणतोस.

तेच पित्त मलाही झालं होतं. फेब्रुवारीत मी पुतण्याकडं पुण्याला गेलो होतो असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. मी संभाजीनगरला दवाखान्यात होतो. पंधरा दिवस छाती दाटायची आणि मी जिऱ्याचं पाणी पीत बसलो. मग एके दुपारी कापड बेतताना डावा हात जड झाला, घामानं सदरा भिजला. दोन स्टेंट टाकले. तुला कळवलं नाही, कारण लाज वाटली. धडधाकट म्हणून मिरवणारा माणूस मी.

पण खरी गंमत पुढंच आहे. तिथल्या डॉक्टरांनी माझी कंबर मोजायला टेप काढली. जन्मभर गळ्यात टेप घालून फिरणाऱ्या माणसाची कंबर! मी म्हणालो, "साहेब, अडतीस हाय, माझी पँट मी सोताच शिवतो." त्यांनी टेप बेंबीवर लावली. चव्वेचाळीस भरली. मी भांडलो. ते म्हणाले, तुम्ही पोटाच्या खाली मोजता, जिथं पँट घसरून बसते तिथं. पोटाच्या आत साठलेल्या चरबीनं रक्तदाब वाढतो, साखर वाढते, हृदयाच्या नळ्या चोंदत जातात. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून मी सगळ्यांचीच टेप खाली लावत आलो होतो, तुझीसुद्धा. "धा वर्षांत माझी कंबर वाढली न्हाई," असं तू मास्तर लोकांना सांगतोस ना, ते माप माझं आहे. मला दिसत होतं आणि मी बोललो नाही.

आता ऐक. रोज सकाळी चालतो, हळूहळू वाढवत तासावर आलोय. भजी सुटली, चहातली साखर सुटली, गोळ्या वेळेवर घेतो. अकरा किलो उतरलो. सोमवारी तपासणी झाली, हृदयाचं पंपिंग सुधारलंय. दवाखान्याचा जिना मी एका दमात चढलो आणि वर जाऊन उगाचच एकटा हसत उभा राहिलो.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, सगळं चेष्टेवारी नेतोस, म्हणून हे लिहितोय. शनिवारी बीडच्या हृदयाच्या डॉक्टरांकडं तुझा नंबर लावलाय. धर्मापुरीहून पहिल्या बसनं निघ, मी स्टँडवर थांबतो. त्याआधी छातीत दुखून घाम फुटला तर शनिवारची वाट पाहू नकोस, तडक दवाखाना गाठ. आरोही लेकीच्या लग्नासाठी तू पाठवलेल्या कापडाची पँट सोबत आहे. वहिनींना तुझं बेंबीवरचं माप घ्यायला लावलं, सेहेचाळीस भरलं. पँट मी बेंबीवर बसेल अशी, बेचाळीसची शिवलीय. आज ती तुला होणार नाही, आरडाओरडा करू नकोस. लग्न डिसेंबरात आहे. पुढं सैल करता यावी म्हणून शिवणीच्या आत आम्ही जादा कापड ठेवतो, ती माया तुला ठाऊकच आहे. तुझ्या प्रत्येक पँटमध्ये मी ती दोन बोटं जास्तच ठेवत आलो. या पँटमध्ये उसवायला काहीच उरलेलं नाही, आता तुझ्या पोटालाच आत जावं लागेल. कापडासोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस, "शहादेव, भरपूर माया सोड." विलास, जिवंत आहे तोवर माया काही मी सोडणार नाही.

तुझाच,
शहादेव