किडनी थोरल्याचीच

२ जानेवारी २००५
आईला किडनी मीच देणार. निर्णय झाला. थोरला मी आहे.

डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांचे रक्तगट पाहिले, दोघांचेही आईशी जुळतात. मी लगेच हात वर केला. संतोषने नंतर केला. मग डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. एकशे आठ. म्हणाले, सत्ताविसाव्या वर्षी एवढं वजन, असा डोनर चालत नाही. तीन महिन्यांत नव्वदच्या खाली या, मग बघू. तोवर संतोषच्या तपासण्या सुरू करतो.
काट्यावर मी स्वेटर घालून होतो. हे कुणी लक्षात घेतलं नाही.

४ जानेवारी, पहाटे ५.४०
गजर झाला. उठलो. थंडी फार. असली हवा किडनीला बाधू शकते आणि ती आता माझ्या एकट्याची नाही. परत झोपलो.

५ जानेवारी
गंगापूर रोडला पळायला गेलो. संतोष रोज जातो, तिथेच. माझी बुटाची नाडी बांधून होईतो त्याच्या तीन फेऱ्या झाल्या. दोनदा मुद्दाम माझ्या समोरून गेला. पळतो कसला, मिरवतो.
येताना मिसळ. मटकी मोडाची, म्हणजे प्रोटीन. पाव चारच.

११ जानेवारी
आईच्या डायलिसिसला आज माझी पाळी. चार तास. सुई टोचताना ती मान भिंतीकडे वळवते. रिक्षातून येताना डोळे मिटून माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. मला बघवत नाही. संध्याकाळचं जेवण आजपासून बंद.

घरी आल्यावर तिने डोळे उघडून पहिलं काय विचारलं, तर संतोष कुठाय. चार तास बसलो मी, आणि विचारायचं संतोषला.
जेवलो.

१६ जानेवारी
कळवणहून खंडेरावमामा आला, आईचा भाऊ. संतोषसाठी डाळिंबांची पेटी. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "हाऊ पोऱ्या देवमाणूस शे." मी म्हटलं, मामा, मीपण देतोय. मामाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं की टायरचं दुकान कसं चाललंय.
सात डाळिंबं खाल्ली. पेटीवर कुणाचं नाव नव्हतं.

खरं ते लिहून ठेवतो. लहानपणापासून आईचा जीव धाकट्यावर. आता त्याची किडनी तिच्या पोटात गेली की आई कायमची त्याची. मी मग शेजारी बसून पेपर वाचायचा. हे मी होऊ देणार नाही.

२८ जानेवारी
वजन एकशे नऊ. स्नायू चरबीपेक्षा जड असतात असं कुठंतरी वाचलंय. वाढत असावेत.
व्यायाम वाढवलाय. दुकानात जाताना द्वारकेचा चौक पायी ओलांडतो. तिथे ट्रकच्या मधून जीव मुठीत धरून पळावं लागतं, तेच धावणं धरलं.

१२ फेब्रुवारी
संतोषला चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये जमवायला सांगितलीय. मीपण कॅन मागितला. ज्योत्स्ना सिस्टर म्हणाल्या, तुमचा नंबर अजून आलेला नाही. म्हटलं, पुढे माझ्यामुळे उशीर नको. दिला एकदाचा. दोन्ही कॅन बाथरूममध्ये शेजारी शेजारी ठेवलेत.

१३ फेब्रुवारी
माझा कॅन त्याच्यापेक्षा चार बोटं वर. शिवाय माझ्यात फेस आहे, चांगला दाट. त्याच्यात काही नाही, नुसतं पाणी. ताकद शेवटी दिसतेच.
संतोषला बोलावून दाखवलं. बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "दादा, हा फेस रोज असतो का?" जळला. म्हटलं, वर्षभर आहे.

१७ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. संतोषचं सगळं नॉर्मल. माझ्या लघवीतून प्रोटीन जातंय, बीपी एकशे साठ. मी डॉक्टरांना मटकीचं सांगितलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. म्हणाले, फेस येतो तो याचाच. एवढ्या शरीराचा भार किडन्यांवर पडतो, त्या गळायला लागल्यात. वजन उतरवा, गोळ्या घ्या, अजून वेळ आहे. नाहीतर दहा-बारा वर्षांत आईच्या जागी तुम्ही.

डॉक्टरांना घाबरवायची सवय असते.
आईला सांगू नकोस असं संतोषला बजावलं. लगेच हो म्हणाला. इथेही चांगुलपणा. आता किडनी तोच देणार, सगळे म्हणतात काय नशीब सिंधुबाईचं, असा मुलगा. मुलगे दोन आहेत.

९ एप्रिल
ऑपरेशन झालं. आईला लघवी झाली, दीड वर्षाने. सिस्टरने बाहेर येऊन सांगितलं तसा मामा भिंतीला टेकून रडला. मीही रडलो. मग मामा नारळपाणी घेऊन निघाला, संतोषच्या खोलीकडे. वाटेत माझ्या हातात रिकामी पिशवी दिली.
कँटीनमध्ये दोन वडे. आनंदाच्या दिवशी पथ्य नसतं.

१३ एप्रिल
आज संतोषपाशी बसलो. कुशीवर वळताना कण्हतो. उशी नीट करून दिली. डॉक्टर राउंडला येऊन गेले होते, म्हणाला. त्यांना त्याने विचारलं, पुढेमागे दादाला किडनी लागली तर मला देता येईल का. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्याकडे एकच आहे, ती सांभाळा.

"म्हणून म्हणतो दादा, गोळ्या घे रे. मला आता काही करता यायचं नाही."

खिडकीशी जाऊन उभा राहिलो. इतके दिवस मी आईसाठी संतोषवर जळत होतो. आज तिथं उभ्या उभ्या आईवर जळलो. त्याची किडनी तिला मिळाली. थोडाच वेळ, पण जळलो.
गोळ्यांची चिठ्ठी शोधली. फेब्रुवारीतली आहे, सापडत नाही. सिस्टरकडे पुन्हा मागायला लाज वाटली. उद्या मागतो.