नववा छर्रा

बाबा,
वायोमिंगहून ओपलचा तुम्हा दोघांना मनापासून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. तुमचा जावई ड्वेन तेलविहिरीवर कामाला गेलाय, महिनाअखेर येईल. ओढ्याकाठच्या झाडांचा कापूस उडतोय; दुपारभर घर ढगात तरंगल्यासारखं वाटतं. गेल्या आठवड्यात रात्री कुणीतरी दार हलवून गेलं, तेवढंच. आईचा गुडघा कसा आहे?

तर तुम्ही दिलेली छऱ्यांची बंदूक काल बाहेर काढली. "छर्रे पसरतात, नेम कशाला धरायचा?" असं तुम्ही म्हणायचात. माझ्या पलंगापासून खोलीच्या दारापर्यंत दहा पावलं आहेत. तेवढ्याच अंतरावर अंगणात जुनी चादर टांगून बार काढला. शेजारच्या व्हर्नाकाकू ओरडल्या, "अगं, चोर मारणार आहेस की धुणं?"

काडतुसातल्या नऊपैकी आठ छर्रे तळहाताएवढ्या जागेत बसले. नववा हातभर बाजूला गेला. त्याच्या भोकातून उन्हाचा ठिपका पडला, तर काकूंच्या कडेवरची आमची आयव्ही तो मुठीत धरायला वाकली.

घरात येऊन नवव्याची जागा दाराबाजूच्या भिंतीवर खडूने मांडली. त्या पातळ फळीच्या भिंतीपलीकडच्या खोलीत आयव्हीचा पाळणा होता. आता तो माझ्या पलंगाशी आहे.

बाबा, तुमची बंदूक कायम उशाशी असायची. तुमच्या दाराबाजूच्या भिंतीमागे कोण झोपायचं?

तीच तुमची,
ओपल