बाबांची तिसरी कवळी

३ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आज हातावर एक डबी ठेवली. मला वाटलं, मेणाचा नवा नमुना असेल. निघाला कॅमेरा! व्हिडिओचा. काड्यापेटीहून थोडासा मोठा, एप्रनच्या खिशात सहज मावतो. म्हणाल्या, "तुम्ही पेशंटची तोंडं कधी बघतच नाही. बोलताना, हसताना दाखवता आली तर कवळी आणखी चांगली होईल ना? पंधरा दिवस घरीदारी वापरून बघा. हात बसला तर ठेवू, नाहीतर परत."

खरं आहे त्यांचं. सव्वीस वर्षं कवळ्या करतेय, पण दवाखान्यामागच्या माझ्या खोलीत येतात ते प्लॅस्टरचे जबडे. त्यांना ना ओठ, ना गाल. सोबत चिठ्ठी – "स्त्री, वय ६८, रंग जरा पिवळसर." एवढ्यावर मी तिचं हसू तयार करायचं.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर कॅमेरा खिशात. जमेल ते टिपलं – स्पिरिटचा दिवा, वितळणारं मेण, माझे हात. हात किती म्हातारे दिसतात! मला कुणी सांगितलं नव्हतं.

बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकते. आवाज मात्र छान येतो. एक खोड मोठी आहे – बटण दाबल्यावर तीन सेकंद विचार करतो, मग सुरू होतो. प्रत्येक बोलण्याचं डोकं उडतं. संध्याकाळी नवरा म्हणाला, "दमलीस ना? आजची भांडी मी घासू का?" आत आलं फक्त "घासू का?" ते ऐकून तो खूश. "बरंय, पुरावा राहिला नाही."

६ मार्च, गुरुवार

बाबांचं वजन एकावन्न. सहा महिन्यांपूर्वी अठ्ठावन्न होतं.

तपासून झाल्यावर डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले. सूप आणि मऊ भातावर किती दिवस काढणार? अजून चार-पाच किलो गेले तर पडतील, आणि पडले तर उठायचे नाहीत. चावून खायला हवं. मग म्हणाले, "तुम्ही तर दातांच्याच कामात ना?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काय सांगणार? बाबांचे पुढचे चार दात सायकलवरून पडून गेले, तेव्हा मी पाळण्यात होते. त्यांच्या जागी कुणीतरी केलेले चार खोटे दात त्यांनी जन्मभर वापरले. उरलेले खरे गेल्या वर्षी एकामागून एक गेले. मी मोठ्या हौसेने पूर्ण कवळी केली. दोन दिवस लावली. दुसरी केली – दोन तास. दोन्ही त्यांच्या कपाटात, डबीत.

"टोचते का?"

"नाही."

"सैल होते?"

"नाही गं."

"मग?"

"परकी वाटते."

या माणसाने छापखान्यात आयुष्यभर प्रुफं तपासली. कुठे काना राहिला, कुठे वेलांटी चुकली, बोट ठेवून दाखवायचे. माझ्या कामात मात्र चूक दाखवत नाहीत. सरळ नापास करतात.

७ मार्च, शुक्रवार

आज वाईट वागले. बाबा शेजारच्या आजोबांशी गच्चीवर बोलत होते, मी कपडे वाळत घालता घालता कॅमेरा दोरीवरच्या चिमट्यांच्या टोपलीत ठेवला. ओठ कसे हलतात ते बघायचं होतं. दिसला फक्त हात. बाबा तोंडापुढे हात धरून बोलतात. मला हे माहीत होतं, पण दहा मिनिटं सलग बघितल्यावर कळलं, तो हात एकदाही खाली येत नाही.

आणि पकडली गेले. टोपलीत डोकावून म्हणाले, "माझ्यावर पहारा बसवलास काय?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. कॅमेऱ्याचं सगळं खरं सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि आत गेले.

९ मार्च, रविवार

जुन्या फोटोंची पेटी उपसली. बाबांचा तरुणपणचा, हसरा, दात दिसणारा एक तरी फोटो हवा होता. नाही. लग्नाच्या फोटोत आई नि बाबा दोघंही ओठ घट्ट मिटून, परीक्षेला बसल्यासारखे. आईचा तेवढा एकच फोटो. मी तीन वर्षांची असताना ती गेली, मला तिचा चेहरा त्या फोटोपुरताच माहीत आहे.

माझे शाळेतले फोटो मात्र ढीगभर. सगळ्यांत माझा तो आडवा दात! पुढचा, डावीकडचा, शेजारच्यावर चढलेला. बाविसाव्या वर्षी कामाला लागल्या लागल्या पहिलं काय केलं असेल, तर तो घासून त्यावर सरळ दिसणारी टोपी बसवून घेतली. घरी येऊन बाबांना दाखवलं. "छान," म्हणाले, आणि पेपर उघडला.

१० मार्च, सोमवार

कॅमेरा मेणात पडला. पुसला. चालतोय.

१२ मार्च, बुधवार

कॅमेरा घरी विसरून कामावर गेले, तर खारूताईने तो ताब्यात घेतला. (लेकीला हे नाव तिच्या पुढच्या दोन दातांवरून पडलंय. तिला आवडतं.) शाळेतून आल्यावर तिने आजोबांची मुलाखत घेतली म्हणे. संध्याकाळी मी बघायला बसले. निम्मा वेळ आजोबांच्या चपला दिसतात. मग एक तुकडा येतो. सुरुवात उडालेली, बाबांच्या बोलण्याच्या मध्येच उघडतो –

"...जरा पुढे आलेला. डावीकडचा. शेजारच्या दातावर पाय टाकून बसल्यासारखा. हसलं की आधी तो दिसायचा, मग बाकीचे."

खारूताईचा आवाज, "आईच्या लहानपणीच्या फोटोत आहे, तसा?"

"हुबेहूब. तुझ्या आईत उतरला होता. तिने सरळ करून घेतला."

"मग तुम्हाला राग आला?"

"छे गं. राग कसला?"

आणि बाबा हसले. तोंडापुढे हात नाही. नुसत्या हिरड्या, पण काय हसले! मी तो तुकडा सहा वेळा बघितला.

म्हणजे तो दात बाबांचा होता. सायकलवरून पडून त्यांचा गेला, मग माझ्या तोंडात आला, आणि मी त्याला टोपी घातली. सव्वीस वर्षं बाबा एक अक्षर बोलले नाहीत. मी मात्र त्यांना एकापाठोपाठ दोन कवळ्या दिल्या, दोन्हींत पुढचे दात फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ! परक्या वाटणार नाहीत तर काय?

खारूताईला विचारलं, "तू नेमकं काय विचारलं होतंस आजोबांना?" "दातांचंच काहीतरी. आता जाऊ खेळायला?" गेली.

१४ मार्च, शुक्रवार

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बाबांचं काम. जबड्याचा साचा आहेच. माझा सातवीतला फोटो टेबलदिव्याला टेकवून ठेवला आणि मेणात दात लावायला घेतले. वाकडा दात मुद्दाम वाकडा बसवणं सोपं नाही. हात आपोआप सरळ करतो. चार वेळा काढला, चार वेळा लावला. पाचव्यांदा जमला.

डॉक्टरीणबाई डोकावल्या. "हे काय? डुलकी लागली होती का?" मी काय ते सांगितलं. त्या खुर्ची ओढून बसल्या, साचा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "पक्की करायच्या आधी एकदा त्यांच्या तोंडात घालून बघा. मेणात आहे तोवर काय वाटेल ते बदलता येतं."

पहिल्या कवळीच्या वेळी वाटलं होतं, तसं वाटतंय.

१६ मार्च, रविवार

सकाळी बाबांना खुर्चीत बसवलं. "शेवटचं, बाबा. नाही आवडली तर पुन्हा विचारणार नाही." त्यांनी तोंड उघडलं. बसली. खालीवर, आजूबाजूला, कुठे अडत नाही. आरसा हातात दिला.

बघत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे, ते आरशाकडे. मग आरसा मांडीवर पालथा घातला, उठले, खोलीत गेले, दार लावून घेतलं. मेणातले दात तोंडातच.

दाराबाहेरून म्हटलं, "बाबा, गरम काही पिऊ नका हां, मेण आहे." दुपारी जेवायला आले नाहीत. नवरा म्हणाला, "तू तुझं केलंस. आता सोड." रात्रीसाठी पुन्हा सूपच केलं. ते कोमट करून दाराशी ठेवलं. माझ्याने आता होणार नाही. एकावन्नचे पन्नास होतील, एकोणपन्नास होतील, आणि मी बघत बसणार.

१७ मार्च, सोमवार

कॅमेरा ठेवायचा की नाही, ते आज डॉक्टरीणबाईंना सांगायचं होतं. विसरले.

सकाळी मी डबा भरत होते. बाबांनी मेणातली कवळी स्वच्छ रुमालात गुंडाळून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "हा पुढचा दात माझा नव्हे. माझे सरळच होते. हा तुझ्या आईचा. पोरगी विचारत होती, आजी कशी दिसायची, म्हणून सांगत होतो."

डब्याचं झाकण खाली ठेवलं. म्हटलं, "चुकलं माझं. पाच मिनिटांचं काम, बाबा. सरळ करते."

"हात लावू नकोस. असाच पक्का कर."

मग मी विचारलं. सव्वीस वर्षांनी. "माझा सरळ करून आले, तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू आरशात बघून किती खूश होतीस."