विसार अजून घेतलेला नाही

९ फेब्रुवारी
मुंबईच्या बँकेची ऋतुजाची शेवटची मुलाखत झाली. लॅपटॉपवरच. घरघर नको म्हणून आमची पिठाची गिरणी तासभर बंद ठेवली. तीन बायका डबे घेऊन पायरीवर बसून राहिल्या, एकीनंही कुरकुर केली नाही.
एका दूध कंपनीचा ताळेबंद वाचून पोरीनं दहा पानांचं टिपण दिलं होतं. साहेब म्हणाले, आलेल्यांत हेच चांगलं. मग पगाराचं बोलायला एक मॅडम आल्या. "अपेक्षा काय?" ऋ. आकडा जुळवतेय तोवर मॅडमच म्हणाल्या, तुमच्या कॉलेजच्या मुलांना आम्ही साडेचार देतो. वर्षाला साडेचार लाख.
ऋ. म्हणाली, "चालेल मॅडम."
बाहेर आली ती उडतच. "आई, झालं!"
आनंद झाला. खोटं कशाला लिहू. ह्यांच्या फोटोपुढं साखर ठेवली आणि गिरणी सुरू केली, बायका थांबल्या होत्या.

१० फेब्रुवारी
निमगाव केतकीहून थोरले दीर आले, आबा. पेढे घेऊन. चहा होईस्तोवर चौकशी.
"बँकेत म्हंजी कौंटरला का?"
ऋ. म्हणाली, "नाही आबा. कंपन्यांचे अहवाल वाचायचे आणि त्यांचा शेअर घ्यावा की विकावा ते लिहून द्यायचं."
"नुसतं वाचायचं?"
"वाचायचं आणि लिहायचं."
"आन त्याला पगार?" माझ्याकडं बघून म्हणाले, "मग हिला तर पेन्शन पायजे हुती आत्तापतुर."
हसलो सगळे. खरंय त्यांचं. मी सातवी शिकलेली. हे गेले, तेव्हा त्यांच्या नावावरचे थोडे शेअर माझ्या नावावर करायला सात महिने हेलपाटे घातले. प्रत्येक खिडकीवर कुणीतरी म्हणायचं, "बाई, तुम्हाला कळायचं नाही." म्हणून वाचायला बसले. पोस्टानं त्यांच्या नावानं आलेले जाडजूड इंग्रजी अहवाल, शेजारी शब्दकोश. चष्मा त्यांचाच, नंबर जवळपास तोच. पहिल्या वर्षी एक पान वाचायला आठवडा लागे. ऋ. शेजारी बसून शाळेचा अभ्यास करायची. तिला हे वेड तिथंच लागलं.

१२ फेब्रुवारी
सायलीचा फोन. ऋ. च्या पुण्याच्या क्लासातली मैत्रीण, पुढं मुंबईच्या मोठ्या कॉलेजात गेली. तिलाही त्याच बँकेत घेतलंय. तेच काम, तीच खोली, रुजू व्हायचा दिवसही तोच. तिला आठ.
बिचारीनं आनंदानं सांगितलं. तिची काही चूक नाही.
ऋ. नं भाकरी ताटात तशीच ठेवली. म्हणे, "तिचं कॉलेज मोठं आहे आई."
"टिपण कुणाचं चांगलं होतं?"
"माझं."
"मग?"
ताट उचलून आत गेली. पोरगी दुसऱ्या कंपनीतली खोट दोन पानांत शोधते, आणि स्वतःचा भाव लोकांनी सांगितला तो घेऊन बसलीय. राग आला. तिचा नाही. मी शिकवलं त्यात हे राहून गेलं, त्याचा.

१३ फेब्रुवारी
त्या बँकेचाच वार्षिक अहवाल उघडायला लावला. आठशे पानं असोत नाहीतर ऐंशी, अशा अहवालात एक तक्ता असतोच. सगळ्या नोकरांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमध जो येईल, त्याच्या पगाराच्या किती पट मोठ्या साहेबाचा पगार, ते तिथं लिहावं लागतं. साहेबाचा पगारही छापलेला असतो. त्याला त्या पटीनं भागलं की मधला माणूस सापडतो.
दळणाच्या चिठ्ठीमागं भागाकार केला. मधला निघाला नऊ लाखांवर. ऋ. नं दोनदा तपासला. बरोबर.
ती नवी आहे, मधल्याच्या खाली असणार हे मान्य. पण साडेचार इतकं खाली?
ऋ. म्हणाली, "हे पान मी दरवेळी ओलांडून पुढं जाते."
म्हटलं, तिथंच माणसं असतात.
रात्री जेवताना आकडा ठरला. सात. आठ का नाही? म्हणाली, "आई, पहिलं वर्ष आहे, एक मी सोडते." सोड बाई. पण तू सोड. त्यांनी कापू नये.

१५ फेब्रुवारी
आबांना कळलं. तावातावानं आले.
"चालंल म्हनली ना ती? मग शब्द दिला. आपल्या घरात दिलेला शब्द फिरवत न्हाईत."
मी म्हटलं, "आबा, इंदापूरच्या बाजारात तुम्ही गेल्या साली एडका विकायला नेलेला. एकाला हो म्हणालात, आणि दहा पावलांवर दुसऱ्याला जास्तीनं दिलात."
"त्यानं विसाराचा रुपया कुटं दिला हुता?"
"बँकेनं तरी कुठं दिलाय? पत्र नाही, सही नाही. विसार हातात पडेस्तोवर जनावर आपलं. माझा बाप मेंढरं विकायचा, त्यानं दुसरं काही शिकवलं नाही, पण हे शिकवलं."
"पोरगी म्हंजी एडका हाय व्हय?"
"पोरगी नाही. तिचं काम."
ऋ. आतल्या खोलीतून हसली. आबा चहा न पिता उठले. दारात म्हणाले, "गेली नोकरी हातची तर माज्याकडं येऊ नगासा."
"नाही येणार."
असं बोलायला नको होतं. पण बोलले.

१६ फेब्रुवारी
ऋ. नं मॅडमना मेल केला. आठ ओळी. मी वाचला, 'माफ करा' दोनदा होतं, दोन्ही काढायला लावले. मेलात असं: त्या दिवशी मी घाईनं हो म्हणाले, विचार करून माझी अपेक्षा सात आहे. शेवटी प्रश्न: त्याच कामाला कॉलेजप्रमाणे दोन दर का, हे कळेल का?
हा प्रश्न तिचा. मी सुचवलेला नाही. सायलीचं नाव कुठंही नाही, हे तिनं दोनदा पाहिलं.

२० फेब्रुवारी
उत्तर नाही.
दळणाला आलेली पाटलीण: "काय गं, नोकरी लागली म्हनं आन परत न्हाय लागली म्हनं?" म्हटलं, भाव चाललाय. ती म्हणाली, "बाईमानसानं बँकंला भाव?" म्हटलं, "तुमी गव्हाला करता तसाच."
बोलले खरी. पण तिचं दळण तोलताना दोनदा चुकले. माझ्या ताठ्यापायी पोरीचं गेलं तर? हे असते तर काय म्हणाले असते? बहुतेक काहीच नाही. नुसता पाठीवर हात ठेवला असता. तो हात आठ वर्षं नाही. तो नसण्याची सवय होत नाही, तो नसताना वागायची होते.

२२ फेब्रुवारी
ऋ. मला म्हणाली, "गेली तर दुसरीकडं अर्ज करीन. पण तिथंही पहिल्यांदा चालेल म्हणणार नाही." एवढंच. मग दुसऱ्या कंपनीचा अहवाल घेऊन बसली.

२५ फेब्रुवारी
दुपारी फोन. ऋ. नं स्पीकरवर लावला. मॅडम गोड बोलल्या. वर बोलणं झालंय, खास बाब म्हणून सहा. सोमवारी संध्याकाळपर्यंत मेलवर हो कळवा, नाहीतर दुसरा उमेदवार तयार आहे.
ऋ. म्हणाली, "मॅडम, माझ्या प्रश्नाचं?"
"ते धोरण असतं."
"धोरण का तसं आहे, ते विचारलंय."
मॅडम परत तेच, "सोमवारपर्यंत कळवा."
फोन ठेवल्यावर तिनं सहा आणि सोमवार वहीत लिहून ठेवलं.
आबांनाही कळवलं. "सा? दीड लाख वाडीव? घे म्हनावं पोरीला!" आणि लगेच, "पर सात का न्हाय दिलं त्यांनी?"

२६ फेब्रुवारी
रविवार. गिरणी बंद. ऋ. सकाळपासून लॅपटॉपपुढं. सहा घ्यायचे की सोडायचे, हे मी तिच्यावर टाकलंय. मुंबईत राहायचं तिला, भाडं द्यायचं तिला. तिच्या जागी निर्णय घेतला तर मीही त्या मॅडमसारखीच.
अकराच्या सुमारास तिनं हाक मारली. मेल लिहायला घेतलाय. दोनच वाक्यं जायचीत, एक पगाराचं, एक दोन दर का या प्रश्नाचं. पगाराचं हो की नाही, ते अजून ठरलेलं नाही.
"आई, यातलं आधी कुठलं लिहू?"
म्हटलं, प्रश्न.