पॅच लावायचा महिना

२ मार्च, सोमवार
तपासनीस येऊन गेला. अहवालात लिहिलंय की आमच्या लॅबच्या डेटाबेस सर्व्हरला दोन वर्षांत एकही पॅच लागलेला नाही. पॅच म्हणजे सॉफ्टवेअरला पडलेल्या भोकांवर कंपनीने पाठवलेली ठिगळं. मी लावली नाहीत हे खरं, पण आळसाने नाही. मशीन नीट चालू होतं. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. म्हणाले, महिनाअखेर सगळे पॅच लागले पाहिजेत, नाहीतर डेटाबेस हळूबाई बघतील आणि तुम्ही प्रिंटर सांभाळा. हळूबाई म्हणजे नव्या इंजिनियर. इतकं हळू बोलतात की निम्मं आपणच ठरवून घ्यावं लागतं. त्यांचं म्हणणं, ठिगळं लावत बसण्यापेक्षा नवीन मशीन आणून सगळा डेटा तिकडे हलवावा. मी मोठ्याने हसलो.

संकल्प: रोज पहाटे उठणे. रोज एक पॅच. शनिवारी विषय संपला.

३ मार्च, मंगळवार
उठलो साडेआठला. पण झोप पूर्ण झाल्याशिवाय असल्या कामाला हात लावू नये.

पॅचसोबतच्या सूचना वाचल्या. आधी बॅकअप घ्या म्हणे. बॅकअपला डिस्कवर जागा नाही. जागा करायला जुन्या फायली काढायला बसलो, त्यात ऑफिसच्या सहलीचे फोटो सापडले. केस किती होते तेव्हा! दिवस सत्कारणी लागला.

६ मार्च, शुक्रवार
पॅच लावताना डेटाबेस तासभर बंद ठेवावा लागतो. रिसेप्शनच्या बाईंना विचारलं, कधी बंद करू? त्या उसळल्याच. सकाळी उपाशीपोटी आलेले पेशंट, दुपारी दवाखान्यांचे फोन, संध्याकाळी रिपोर्ट न्यायला झुंबड. बंद करायचं नावच काढू नका म्हणाल्या.

फार वाईट वाटलं. लवकर घरी आलो.

९ मार्च, सोमवार
सर्व्हरच्या खोलीच्या दारावर पाटी लावली: महत्त्वाचे काम चालू, आत येऊ नये. एकाग्रता महत्त्वाची. फोनही काढून ठेवला.

तरी हळूबाई दारात. पाच मिनिटं बोलायचं होतं. मी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, निदान डेटाची एक कॉपी तरी मिळेल का. देऊन टाकली. बसा म्हटलं खेळत. शिवाय रोज मला इमेल पाठवतात, ‘रविवारचा बदल’, ‘रविवारचा बदल, तातडीचे’. मी ‘नंतर वाचू’ नावाचं फोल्डर केलंय. सगळं आपोआप तिकडे जातं.

१३ मार्च, शुक्रवार
पॅच नाही लागला, पण सर्व्हरमागच्या वायरी विंचरल्यासारख्या नीट लावल्या. निळ्या एकीकडे, पिवळ्या एकीकडे. रविवारी लॅब बंद. त्या दिवशी घाव घालायचाच.

१५ मार्च, रविवार
अंगात कणकण. बायको म्हणाली, थर्मामीटरमध्ये ताप काहीच नाही. मी म्हटलं, थर्मामीटरला काय कळतंय. ऑफिसात कशाला जाऊ? मी नसेन तर रविवारी तिथे होणार तरी काय?

१६ मार्च, सोमवार
चमत्कार! सर्व्हरवरचा ताण जवळपास शून्य. पूर्वी धापा टाकायचा, आज नुसता गारेगार बसलाय. कारण उघड आहे. वायरी.

रक्त घेणाऱ्या सिस्टर जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, अहो, रिपोर्ट आता डोळ्याचं पातं लवायच्या आत येतात! मी नम्रपणे म्हटलं, थोडं झाडलं-पुसलं, बाकी काही नाही.

१८ मार्च, बुधवार
आज छाती करून ऐन कामाच्या वेळेत डेटाबेस बंद केला आणि पहिला पॅच लावायला घेतला. मधेच एरर. पुन्हा लावला. पुन्हा एरर. दोन तास गेले. आरडाओरडा ऐकायच्या तयारीने दार किलकिलं करून बघितलं, तर सगळं शांत. वेळेची निवड किती अचूक होती बघा.

मोठे डॉक्टर भेटले. म्हणाले, सावकाश होऊ द्या, आता काही घाई नाही. माणसाचा माणसावर असा विश्वास हवा.

२१ मार्च, शनिवार
दुसऱ्या पॅचनंतर डेटाबेस उठेचना. सकाळपासून आडवा. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो, हे इथे लिहायला हरकत नाही. एवढ्या वर्षांत मला दुसरं काही येत नाही. प्रिंटरची शाई बदलायची म्हटलं तरी माझा शर्ट खराब होतो.

संध्याकाळी एका जुन्या बॅकअपवरून कसाबसा उभा केला. आणि रिसेप्शनला दिवसभर रिपोर्ट निघतच होते! माझ्या हाताखाली वाढलेला डेटाबेस आहे, बंद असला तरी वळण कुठे जातं?

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, बंद होता तर मग रिपोर्ट येत कुठून होते हो? मी म्हटलं, तांत्रिक आहे, तुला समजायचं नाही. तिने पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

२४ मार्च, मंगळवार
एका जागी बसवत नाही. उठतो, दिवे बघतो, बसतो, परत उठतो. तो बायकोचा प्रश्न. मनात येतं की एखाद्याला विचारावं. पण पाटी मीच लावलीय, बाहेर जाऊन कोणत्या तोंडाने विचारू?

विचार बंद. तिसरा पॅच.

२७ मार्च, शुक्रवार
लागले! सगळे लागले! स्क्रीनवर हिरवी अक्षरं. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, मीच वाजवल्या. सोमवारच्या मीटिंगसाठी छोटं भाषण लिहिलं. बायकोने निळा शर्ट इस्त्री करून ठेवला.

३० मार्च, सोमवार
उभा राहिलो. म्हटलं, सगळे पॅच मुदतीत लावले आणि एकाही पेशंटला एका मिनिटाचाही त्रास होऊ दिला नाही.

हळूबाई टेबलाकडे बघत होत्या. मग मोठे डॉक्टर खाकरून म्हणाले, पंधरा तारखेच्या रविवारीच आपण नव्या मशीनवर गेलो. तुम्हाला इमेल पाठवले होते. बाई तुमच्या दारातही दोनदा येऊन गेल्या. तुम्ही इतके मन लावून काम करत होता की सांगायला कोणाची जीभ रेटेना.

हळूबाई म्हणाल्या, यांनी दिलेली कॉपी फार स्वच्छ होती, म्हणून एका दिवसात जमलं. पहिल्यांदाच त्यांचं बोलणं मला सगळं ऐकू आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

३१ मार्च, मंगळवार
जुनं मशीन बंद करायचं पत्र आलं. म्हटलं, दुसऱ्या कोणी करू नये. आपणच करावं.

बटण दाबलं. पंखा हळूहळू थांबला. खोलीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खुर्ची दाराकडे वळवून बसलो. नव्या मशीनचं काही ना काही यावर अडकलेलं असणारच. आता कोणीतरी धावत येणार.

आल्या. स्टोअरवाल्या बाई, धापा टाकत. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, घाबरू नका, पाच मिनिटांत परत चालू करतो.

त्या म्हणाल्या, काय चालू करताय? खोली केव्हा रिकामी होतेय ते सांगा, आमची कपाटं पॅसेजमध्ये उभी आहेत.

मशीन एका बाजूने मीच धरलं. जड होतं.